बातमी, रणभूमी आणि सैनिकाचे घर

साताऱ्याच्या दक्षिणेला, नागठाण्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान धारातीर्थी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन इंग्रज सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. युद्ध इंग्रजांचे होते, पण रक्त इथल्या मातीचे होते. घरटी एक तरी माणूस फौजेत, ही या गावाची ख्याती आजही टिकून आहे.

'युद्ध आणि प्रसारमाध्यमे' हा विषय एरवी दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहांत चर्चिला जातो. तिथे वृत्तस्वातंत्र्य, सेन्सॉर, जनतेचा जाणून घेण्याचा हक्क असे शब्द येतात. ते शब्द खोटे नाहीत. पण हाच विषय अपशिंग्यातील एखाद्या घराच्या ओट्यावर बसून पाहिला, तर त्याची मांडणी पालटते. ज्या घरातला मुलगा सीमेवर उभा आहे, त्या घराला युद्धाची बातमी वाचून मत बनवायचे नसते. मुलगा सुखरूप आहे की नाही, एवढेच त्या बातमीतून शोधायचे असते. लाखो लोक जी बातमी जेवताना ऐकतात, तीच ऐकून एखाद्या घरात त्या रात्री चूल पेटत नाही. प्रसारमाध्यमांनी सैन्याला पाठिंबा दिला की नाही, याचा हिशेब या दुसऱ्या घरापासून सुरू व्हायला हवा.

सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. छत्रपतींच्या गादीचा सातारा आणि पटवर्धनांची सांगली, दोहींकडची लष्करी परंपरा जुनी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणींत या दोन जिल्ह्यांतील तरुण पिढ्यान् पिढ्या भरती होत आले. मिरज जंक्शनवरून बेळगावच्या गाडीत बसलेला, हातात पत्र्याची ट्रंक घेतलेला नवा रंगरूट हे या भागातले जुने, ओळखीचे दृश्य. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली तीही साताऱ्यातच. त्यामुळे देशाने लढलेल्या प्रत्येक युद्धाची बातमी येथे कुणाच्या तरी दारात येऊन थांबली आहे. ती कशी आली आणि समाजाने तिचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात बातमी येई ती तारेने, आणि तार आली म्हणजे वाईटच, असे समीकरण होते. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला. शेवटी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली आणि कैदेत गेलेल्यांपैकी कित्येक जण वाळवंटातल्या वाटचालीतच मेले. कृष्णाकाठच्या गावांना यातले किती कळले असेल? फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रे इंग्रजांचे सेन्सॉर खाते उघडून वाचत असे. त्यांतले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. ज्या ओळी आईने वाचायच्या त्या साहेबाने आधी वाचल्या. परकी सत्ता सैनिकाकडे आणि त्याच्या घराकडे कसे पाहत होती, हे यावरून समजते.

त्याच काळात एक मराठी संपादक मात्र सैनिकाच्या मानाची गोष्ट बोलत होता. सैन्यभरतीला लोकमान्य टिळकांचा विरोध नव्हता. हिंदी तरुणांना सैन्यात अधिकारपदे मिळाली पाहिजेत, ही त्यांची अट होती. सरकारकडून तसे वचन मिळाल्यास महाराष्ट्रातून पाच हजार जवान देतो, शब्द पाळता आला नाही तर ही रक्कम दंड म्हणून घ्यावी, असे सांगून त्यांनी १९१८ मध्ये गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांचे भाषण मध्येच अडवताच टिळक परिषद सोडून बाहेर पडले. सैनिकाला पाठिंबा म्हणजे सत्तेची हांजी हांजी नव्हे, हे केसरीकारांनी ज्या काळी दाखवून दिले, त्या काळी असे करणे सोपे नव्हते.

स्वातंत्र्यानंतरचा दुखरा अध्याय १९६२ चा. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पंडित नेहरू सिलोनच्या दौऱ्यावर निघाले असताना विमानतळावर पत्रकारांनी त्यांना गाठले. आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिलेले आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी देशभर ठळक मथळे झळकले, चिन्यांना हुसकावून लावण्याचा हुकूम सुटला! त्या वेळी नामका चू नदीच्या काठावर आपले जवान अपुऱ्या दारूगोळ्यानिशी आणि उन्हाळी कपड्यांत कडाक्याच्या थंडीला तोंड देत होते. मथळा लिहिणाऱ्याला त्या थंडीची कल्पना नव्हती, आणि ज्यांना असायला हवी होती त्यांनीही ती देशाला दिली नव्हती. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला चढवला. महिनाभरात से ला आणि बोमदिला पडले. जो समाज मथळ्यांवर विसंबून विजयाची वाट पाहत होता, त्याच्यावर आभाळ कोसळले.

आणि तरीही त्या समाजाने पाठ फिरवली नाही, ही त्या दिवसांची खरी बातमी होती. राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला तेव्हा देशभर बायाबापड्यांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. मुलांनी खाऊचे पैसे दिले. आटपाडी भागातल्या शेटफळ्याचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी १९६३ च्या 'छोटा जवान' या चित्रपटासाठी लिहिलेले समरगीत शाळाशाळांतून म्हटले गेले. त्या पिढीतल्या माणसांना ते आजही तोंडपाठ असते. हा उत्साह कोणत्या वाहिनीने निर्माण केलेला नव्हता. वाहिन्या नव्हत्याच. गावच्या चावडीवर एक रेडिओ असे आणि त्याभोवती शंभर माणसे बसत.

याच मातीतला एक माणूस तेव्हा दिल्लीला गेला. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात येते, आणि कराड ही त्यांची कर्मभूमी साताऱ्यात. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा कौतुकाने म्हटले गेले. त्यांच्या राजकारणाशी या पृष्ठांचे मतभेद होते आणि राहतील. परंतु पराभवाची बातमी देशाला कशी सांगावी, हा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने हाताळला ती तऱ्हा अभ्यासण्याजोगी आहे. पराभवाच्या कारणांची लष्करी चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनापतित्व यांत कुठे उणिवा राहिल्या ते मोघम शब्दांत का होईना, सांगितले. मात्र अहवाल जसाच्या तसा बाहेर आला तर सीमेवर उभ्या असलेल्या सैन्याचे मनोधैर्य खचेल आणि सुरक्षिततेलाही धोका पोहोचेल, म्हणून तो प्रसिद्ध करण्याचे नाकारले. त्या वेळी हे योग्यच होते. सहा दशके उलटल्यावरही तो अहवाल अधिकृतपणे खुला होत नाही, हे मात्र कोणत्याही सरकारला शोभणारे नाही. सैन्याला जपण्यासाठी बातमी रोखणे वेगळे आणि पुढाऱ्यांना जपण्यासाठी रोखणे वेगळे.

१९६५ च्या युद्धात यशवंतराव रोजची टिपणे लिहीत होते. १ सप्टेंबरच्या दुपारी छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल उतरवण्याचा निर्णय त्यांनी काही मिनिटांत घेतला. त्या दिवसाची घालमेलही त्या डायरीत उतरली आहे. पण ही डायरी त्यांच्या हयातीत कुणाच्या हाती लागली नाही. १९८४ मध्ये ते गेले. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांच्या पुस्तकातून ती जगापुढे आली २००७ साली. मंत्रिमंडळाच्या बैठकीतून बाहेर येता येता मोबाइलवर 'सूत्रांच्या' बातम्या सोडणाऱ्यांच्या जमान्यात ही बेचाळीस वर्षांची प्रतीक्षा दंतकथेसारखी वाटते.

१९७१ च्या विजयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातल्या तीनच गोष्टी येथे सांगण्यासारख्या आहेत. पहिली एका पत्रकाराची. अँथनी मस्कारेन्हास हे बेळगावात जन्मलेले, मूळचे गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले, नोकरीने कराचीतले पत्रकार. पाकिस्तानी लष्कराने सरकारी गुणगान लिहून घेण्यासाठी त्यांना पूर्व बंगालात नेले. त्यांनी पाहिला तो नरसंहार. बायकामुलांना सुखरूप देशाबाहेर काढून त्यांनी १३ जून १९७१ च्या लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये ते सर्व छापले आणि जगाचे डोळे उघडले. भारतीय सैन्य ढाक्याच्या वाटेवर निघण्यापूर्वी जगात आपली बाजू भक्कम झाली, तिच्यात या एका खऱ्या बातमीचा वाटा मोठा होता. आक्रस्ताळ्या शंभर मथळ्यांनी ते साधले नसते.

दुसरी गोष्ट जमालपूरची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने, म्हणजे जंगी पलटणीने, तिथली नाकेबंदी केलेली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण येण्याविषयी पत्र पाठवले, तर त्याने उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली. लेखणी सोडून शस्त्र हाती घ्या, असा त्या उत्तराचा भाव होता. मराठ्यांनी ते घेतले आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडले. तिथे एकही कॅमेरा नव्हता. फौजी घरांतून ती हकीकत तोंडोतोंडी चालत आली.

तिसरी तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीची. तिथले शिपाई पांडुरंग साळुंखे, १५ मराठा लाइट इन्फंट्री. डिसेंबर १९७१ मध्ये पंजाब सीमेवर बुर्ज येथील लढाईत शत्रूच्या रॉकेट लाँचरवर धाव घेऊन त्यांनी ते हिसकावून घेतले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. द्राक्षांसाठी मणेराजुरीचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जण हे नाव घेतात, हा प्रश्न सांगलीच्या शाळांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

मग आले कारगिल. १९९९ च्या मे ते जुलैमध्ये युद्ध पहिल्यांदा दिवाणखान्यात आले. मराठीत चोवीस तासांची वृत्तवाहिनी तेव्हा नव्हती. लोक दूरदर्शन पाहत, केबलवर हिंदी-इंग्रजी वाहिन्या पाहत आणि सकाळी आपल्या दैनिकात पुन्हा वाचत. द्रासच्या रस्त्यावर धडधडणाऱ्या बोफोर्स तोफा, चढावर निघालेले कोवळे चेहरे, ४ जुलैला टायगर हिलवर फडकलेला तिरंगा, हे सारे देशाने जवळून पाहिले. दिल्लीत दररोज अधिकृत माहिती दिली जाई. सैन्याच्या वतीने ती देणारे कर्नल बिक्रमसिंग पुढे २०१२ मध्ये सरसेनापती झाले. पाकिस्तानचे सरकारी दूरदर्शन केबलवरून बंद करण्यात आले, तेव्हा काही इंग्रजी स्तंभलेखकांनी स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढला. आपला जवान बर्फात मरत असताना त्याच्या मारेकऱ्याचे प्रचारतंत्र घराघरांत का चालू द्यावे, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

परंतु कारगिलने आणखी एक बदल घडवला, आणि खेड्यांच्या दृष्टीने तोच मोठा होता. आधीच्या युद्धांत वीरगती मिळालेल्या जवानावर बहुधा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी यायची ती तार आणि मागाहून ट्रंक. कारगिलमध्ये तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या गावोगाव आल्या. एकूण ५२७ जवानांनी प्राण दिले. ज्या गावात कधी मंत्री फिरकला नव्हता, तिथे हजारोंचा समुदाय लोटला. चितेभोवती जात, पक्ष, भाऊबंदकी काही उरले नाही. समाज आपल्या सैनिकाला आपला मानतो, हे वीरमातांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले आणि हे दृश्य देशापुढे नेल्याबद्दल प्रसारमाध्यमांचे ऋण मानायलाच हवे. अश्रू ढाळणाऱ्या पत्नीच्या तोंडापुढे माइक धरून 'तुम्हाला काय वाटते आहे' असे विचारण्याची रीतही मात्र याच दिवसांत रुजली, आणि ती अजून गेलेली नाही.

युद्ध संपताच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली. तिच्यात ज्येष्ठ पत्रकार बी. जी. वर्गीस हे सदस्य होते, हे अनेकांना ठाऊक नसते. लष्कर आणि प्रसारमाध्यमे यांच्या संबंधांवर, युद्धकाळात माहिती कशी द्यावी यावर समितीने स्वतंत्र विचार केला. ही शिकवण पुढे किती पाळली गेली, याची परीक्षा नऊ वर्षांनी मुंबईत झाली.

२६ नोव्हेंबर २००८. ते दोन सैन्यांमधले युद्ध नव्हते, परंतु शत्रूने समुद्रमार्गे पाठवलेल्या प्रशिक्षित टोळीशी चाललेली ती लढाईच होती. तीन दिवस वाहिन्यांनी ती थेट दाखवली. कमांडो कोणत्या बाजूने आत शिरत आहेत, नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून किती जण दोराने उतरले, ओलीस कुठे लपले असावेत, सर्व काही. कराचीत बसलेले सूत्रधार दूरचित्रवाणीपुढे बसून ताजमधल्या आणि नरिमन हाउसमधल्या मारेकऱ्यांना फोनवरून सूचना देत होते. ती संभाषणे ध्वनिमुद्रित झाली आणि न्यायालयापुढे आली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. त्या थेट चित्रणाने ना राष्ट्रहित साधले ना समाजहित, ते वाहिन्यांच्या व्यापारी हितासाठी होते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या कॅमेऱ्याने कारगिलमध्ये जवानाचा पराक्रम घरोघर पोहोचवला, तोच मुंबईत शत्रूचा डोळा झाला. ते कुणी जाणूनबुजून केले नसेल. जवानावर सुटलेल्या गोळीला हा फरक कळत नाही.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर जे घडले ते कोणत्याही वाहिनीने थेट दाखवले नाही. जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, मुंबई पोलिसांत साहाय्यक उपनिरीक्षक. हातात फक्त काठी. समोर एके-४७. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. तो जिवंत सापडला नसता, तर 'हिंदू दहशतवादा'च्या कंड्या पिकवायला टपलेल्यांना आणि पाकिस्तानच्या नाकबुलीला उत्तर देणे किती अवघड झाले असते! २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. त्यांच्या स्मारकासाठी शासनाचा निधी मंजूर व्हायला मात्र २०२५ साल उजाडले.

न्यायालयाचे ताशेरे वाया गेले नाहीत. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई झाली. नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच द्यायची. २०१६ च्या आरंभी पठाणकोट हवाई तळावरील हल्ल्याच्या वेळी या नियमाचा भंग केल्याबद्दल एका हिंदी वाहिनीवर एक दिवसाच्या प्रक्षेपणबंदीचा आदेश निघाला, तेव्हा 'आणीबाणी आली' अशी आवई उठली आणि अखेर तो आदेश स्थगित ठेवला गेला. त्याच वर्षी लक्ष्यभेदी कारवाईनंतर आणि पुढे २०१९ मध्ये बालाकोटनंतर याच वर्तुळातून सैन्याकडे पुरावे मागितले गेले. आपल्या लष्करी अधिकाऱ्याच्या निवेदनावर शंका आणि शत्रूच्या प्रवक्त्याच्या निवेदनावर विश्वास, ही तटस्थता नव्हे. सैनिकाच्या घरात ती तशी वाचली जात नाही.

सातारा जिल्ह्याने १७ नोव्हेंबर २०१५ चा दिवसही पाहिला. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या सैनिकी शाळेचे विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख. कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते पडले. पलटणीचा प्रमुख स्वतः आघाडीवर होता. पोगरवाडीत जनसागर लोटला, वाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि दोन दिवसांनी निघून गेल्या. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी जे केले त्याला कॅमेऱ्यांची सोबत नव्हती. दोन मुलांची आई असलेल्या या स्त्रीने परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीतले खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून खांद्यावर तारे चढवले. त्या दिवशी पुन्हा बातमी झाली. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत त्या घराशी कोण बोलत होते, ते घर आणि त्याचे शेजारीपाजारीच जाणतात.

आता अगदी अलीकडचा काळ. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये धर्म विचारून २६ निरपराधांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. ७ मेच्या पहाटे भारतीय सेनादलांनी 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये नऊ ठिकाणांवर प्रहार केला. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी देशाला जी माहिती दिली ती मोजकी, नेमकी, नकाशे आणि चित्रांसह होती. आवाज चढलेला नव्हता. सैन्याने असे बोलावे, असा तो वस्तुपाठ होता. लष्करी हालचालींचे थेट चित्रण दाखवू नये, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच आणि पुन्हा संरक्षण मंत्रालयाने ९ मे रोजी बजावले होते.

आणि ८ मेच्या रात्री काय झाले? काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले. कुणी इस्लामाबादेत सैन्य घुसवले. स्टुडिओत भोंगे वाजवले गेले, जुन्या आणि दुसऱ्याच देशांतल्या युद्धांच्या, एवढेच काय संगणकीय खेळांच्या चित्रफिती 'आत्ताची दृश्ये' म्हणून फिरल्या. सकाळी यातले काहीच खरे नव्हते. पाकिस्तानकडूनही खोट्याचा महापूर चालूच होता आणि सरकारचा तथ्य-तपासणी कक्ष रात्रंदिवस तो उपसत होता. अशा वेळी आपल्याच वाहिन्यांनी जगाच्या हाती कोलीत दिले. सेनादलांनी खरोखर जो पराक्रम केला होता, त्याविषयीही परदेशी वृत्तपत्रांना शंका घ्यायला जागा मिळाली. हे सर्व 'राष्ट्रभक्ती'च्या नावाने झाले म्हणून ते क्षम्य ठरत नाही, उलट अधिक लागते.

त्या रात्री रजेवरून परत बोलावलेले जवान महाराष्ट्रातल्या गावागावांतून मिळेल त्या गाडीने निघालेले होते. त्यांच्या घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल? नौदलात असलेल्या मुलाच्या बापाने 'कराचीवर हल्ला' ऐकले, तेव्हा त्याच्या मनात विजयाचा जल्लोष आधी आला असेल की मुलाचे जहाज? आणि सकाळी ती बातमीच खोटी ठरल्यावर, दुपारी खरी बातमी आली तर त्याने ती कोणत्या विश्वासाने ऐकायची? ११ मे रोजी तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेतली. एअर मार्शल ए. के. भारती यांनी लढाईत हानी होतेच, पण आपले सर्व वैमानिक घरी परतले आहेत, असे सांगितले. त्यांच्या या एका वाक्याने वैमानिकांच्या घरांना जो दिलासा मिळाला असेल, तो चार रात्रींच्या गदारोळाने मिळाला नव्हता. विमानांच्या हानीचा अधिक स्पष्ट उल्लेख सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी मेअखेर सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना केला. तो आधी आपल्याच देशात, आपल्याच भाषांत झाला असता तर अधिक बरे झाले असते. ज्या समाजाने १९६२ चा पराभव पचवून सोने दिले, तो काही विमानांच्या बातमीने कोसळणारा नाही. त्याच्यावर एवढा विश्वास सरकारनेही टाकायला हरकत नाही.

वाहिन्यांना दोष देऊन प्रश्न संपत नाही, कारण आता प्रत्येक खिशात एक वाहिनी आहे. महामार्गावरून लष्करी वाहनांचा ताफा चालला की मोबाइल बाहेर निघतात, आणि दहा मिनिटांत कोणती तुकडी कुठल्या दिशेने गेली ते जगजाहीर होते. हेतू अभिमानाचा असतो. पूर्वी सैनिकांची गाडी स्थानकात थांबली की लोक चहा, भाकरी, फळे घेऊन धावत. आज चित्रण करतात. मुलगा कुठल्या ठाण्यावर आहे, याविषयी फौजी घरातली जाणती आई कधीच बोलत नाही. विचारले तर '५६ एपीओ' एवढाच पत्ता सांगते. ही शिस्त तिला कुणी प्रशिक्षणवर्गात शिकवलेली नाही.

सातारा-सांगलीची स्थानिक दैनिके आणि साप्ताहिके यांना येथे मोठे काम आहे. त्यांना दिल्लीच्या वाहिन्यांशी स्पर्धा करायची नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो, निधी-संकलनाच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते आणि विषय मिटतो. तो निधी कुणाच्या उपचारांना, कुणाच्या मुलांच्या शिक्षणाला लागला, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन वार्ताहराने लिहावे. वीरपत्नीचा निवृत्तिवेतनाचा कागद कोणत्या टेबलावर अडला, शासनाने जाहीर केलेली जमीन सातबाऱ्यावर चढली की नाही, हे विचारावे. १९७१ लढलेले जवान आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. जमालपूर, बुर्ज, शकरगड ही नावे त्यांच्या तोंडून ऐकून टिपून घ्यायला थोडीच वर्षे उरली आहेत. गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, चुना फासून अक्षरे बुजलेल्या. कुणी त्या वाचून उतरवून घेतल्या तर निदान एक यादी तयार होईल.